धुणं धुणारा चंद्र

चंद्र उगवतो तो आमच्या शेजारीणबाईंना विचारून, अशी माझी आता पक्की समजूत झाली आहे. मावळतानाही तो त्यांच्या खिडकीत डोकावून "निघू का?" म्हणत असणार. वाखनिंगन हे विद्यापीठाचं गाव. इथे दगड भिरकावला तर तो कुणातरी शास्त्रज्ञालाच लागायचा, आणि अशा गावात ह्या बाई स्वतःला ड्रुइड म्हणवतात. ड्रुइड म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी युरोपात राहणाऱ्या केल्ट लोकांचे पुरोहित. ओकच्या झाडाखाली पूजा करायचे, चंद्र बघून महिने मोजायचे. रोमन लोक आले आणि त्यांनी ड्रुइडांना संपवलं, असं म्हणतात. शेजारीणबाईंपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. त्यांना एक नाव आहे, पण त्यात दोन 'ख' आहेत आणि दोन्ही घशाच्या इतक्या तळातून काढायचे असतात की मी पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा त्या धावत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना 'बुरफ्राउ' म्हणतो. बुरफ्राउ म्हणजे शेजारीण.

आता मी कुठल्या घरची, तेही सांगायला हवं. आम्ही नागपूरचे. आमचे बाबा शाळामास्तर आणि हाडाचे बुद्धिवादी. आमच्या घरात पंचांग कधी शिरलं नाही. अमावस्या कधी आहे हे बाबांना फक्त खरेदीसाठी लागायचं. स्कूटर, फ्रिज, माझी पहिली सायकल, सगळं त्यांनी मुद्दाम अमावस्येला आणलं. "दुकानात गर्दी नसते, आणि दुकानदार खुश होऊन चहा पाजतो," हे त्यांचं त्यावरचं समर्थन. पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो, पण वाटेत बाबा बजावायचे, की पौर्णिमा लक्षात ठेवायला सोपी म्हणून आहे, चंद्राचं त्यात कर्तृत्व काही नाही. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि बटाट्यावरच्या करपा रोगावर संशोधन करायला इथे आले. अशा मुलीच्या नशिबी ही शेजारीण आली, यालाच बहुधा दैवगती म्हणत असावेत, पण तो शब्द बाबांसमोर काढायची सोय नाही.

शेजारीणबाईंच्या जगात चंद्र वाढता असला की सुरुवाती करायच्या. बी पेरायचं, नवे बूट घालायचे, मुरंब्याची नवी बरणी उघडायची, केस कापायचे. चंद्र घटता असला की आवरतं घ्यायचं. तण उपटायचं, दाढ काढायची, जुनं भांडण मिटवायचं. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. त्यांनी खाली बादली ठेवली आणि चंद्र घटायची वाट बघितली. चंद्र घटेल तशी गळतीही घटेल, हे त्यांचं शास्त्र. आणि खरोखर, कृष्णपक्ष लागला आणि नळ बंद झाला! माझा नवरा त्या सुमारास पाना घेऊन कुठे गेला होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. त्यांचं आठ-दहा ड्रुइडांचं एक मंडळ आहे. एरवी ही मंडळी रानात ओकच्या झाडाखाली जमायची. महामारी आली तशी पूजा संगणकाच्या पडद्यावर आली. मी कुंपणापलीकडून ऐकायची. पश्चिम दिशेला आवाहन ऐन रंगात आलेलं असायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "तुझा आवाज येत नाहीये गं, माइक चालू कर." बिचाऱ्या पश्चिम दिशेला दर वेळी दोनदा यावं लागायचं.

ह्या सगळ्या गमतीच्या मागे एक दुखणं होतं. त्यांचे यजमान स्मृतिभ्रंशाने आजारी होते आणि आदल्या वर्षापासून गावाच्या टोकाला असलेल्या शुश्रूषागृहात राहत होते. हे गृहस्थ जन्मभर जमिनी मोजणारे सर्वेअर, आणि बायकोच्या चंद्राला 'म्युनिसिपालिटीचा दिवा' म्हणणारे. शेजारीणबाई रोज दुपारी सायकलने त्यांच्याकडे जायच्या, तासभर त्यांचा हात हातात धरून बसायच्या आणि परत यायच्या. मार्चमध्ये सगळं बंद झालं तसं शुश्रूषागृहाचं दारही बंद झालं. भेटी नाहीत, कधी सुरू होतील सांगता येत नाही. त्या दिवशी त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी ह्या बाईंचं बोलणं थांबवणं कठीण. त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या. "तो मला विसरायच्या आत मला एकदा त्याचा हात धरायचाय." मी त्यांना आमच्याकडची कोथिंबीर दिली. माणूस अशा वेळी काहीही देतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते धुण्याचं प्रकरण झालं. डच भाषेत चंद्राला 'मान' म्हणतात आणि महिन्याला 'मांत'. हा फरक डच माणसाच्या कानाला कळतो, आपल्या कानाला कळत नाही. शेजारीणबाई कुंपणावरून उत्साहाने म्हणाल्या, "बुरफ्राउ, उद्यापासून वासंदं मान!" माझं डच तेव्हा संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं. 'वासन' म्हणजे धुणं, हे मला पाठ होतं. म्हणजे उद्यापासून धुण्याचा महिना! आपल्याकडे दिवाळीआधी घर काढतात, तसं यांच्याकडे वसंतात असणार, असं मी धरून चालले. शिवाय घरात कोंडून घेतलेल्या माणसाला काहीतरी मोठं काम हवंच असतं. दुसऱ्या दिवशी मी पडदे काढले, गाद्यांच्या खोळी काढल्या, दुलया, सतरंजी, नवऱ्याच्या अंगातला स्वेटर, जे हाताला लागेल ते धुतलं. त्या वसंतात ऊनही असं पडलं होतं की डच लोकांनाच त्याचा संशय यावा. आमची बाग वाळत घातलेल्या कपड्यांनी भरून गेली.

शेजारीणबाईंनी हे दृश्य पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. त्यांच्या मनात आलं ते असं, की ही मुलगी भारतातून आली आहे, हिच्या मागे हजारो वर्षांची परंपरा आहे आणि त्या परंपरेत वाढत्या चंद्राचं स्वागत घरातली प्रत्येक चिंधी धुऊन करतात. विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी मुकाट्याने स्वतःचे पडदे उतरवले. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा म्हणाल्या, "वासंदं मान," आणि मी मनात म्हटलं, काय स्वच्छ लोक आहेत, एक महिना धुऊन यांचं भागत नाही! मीही पुन्हा दुलया काढल्या. त्या मला बघून धूत होत्या, मी त्यांना बघून. मे महिन्यात एकदा त्या म्हणाल्या, की आता 'आफनेमंदं मान' लागला. 'आफनेमन' म्हणजे टेबल वगैरे पुसणं, हेही आमच्या वर्गात झालेलं होतं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी फडकं हातात घेऊनच विचारलं, "धुण्याचा महिना संपून पुसण्याचा सुरू झाला का?"

त्यांनी कुंपणावरूनच मला दोन्ही शब्दांचा दुसरा अर्थ सांगितला. मग सगळा उलगडा झाला. 'वासन' म्हणजे धुणं आणि 'वासन' म्हणजे वाढणंसुद्धा. 'आफनेमन' म्हणजे पुसणं आणि घटणंसुद्धा. माझा शुक्लपक्ष धुण्यात गेला होता. त्या इतक्या हसल्या की कुंपणाला धरून खाली बसल्या. मार्चनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई चांगल्या दिसतात. पण चंद्राला एवढी घरकामं लावू नयेत म्हणावं."

तरी त्या हसण्याच्या आधी, एप्रिलच्या अखेरीला, एक दुपार होऊन गेली होती, आणि ती मला विसरता येत नाही. ओकवर किंवा सफरचंदावर वाढणारी एक परजीवी वनस्पती आहे, हिरव्या गोल झुबक्यासारखी. ड्रुइड तिला सर्वरोगहारी मानायचे. शुक्ल षष्ठीच्या दिवशी पांढरे कपडे घालून झाडावर चढायचं, सोन्याच्या विळ्याने ती कापायची आणि जमिनीला न लागू देता खाली पांढऱ्या कापडात झेलायची, असा विधी. शेजारीणबाईंनी मला तिचं मराठी नाव विचारलं. मी म्हटलं, "बांडगूळ." आमच्याकडे ही शिवी आहे, हेही सांगितलं. त्यांना शब्द फार आवडला. "बांदखूल, बांदखूल," म्हणत त्या दिवसभर हिंडल्या. त्यांना ते बांडगूळ यजमानांच्या खोलीत टांगायला पाठवायचं होतं. कापड धरायला दोन माणसं लागतात. मंडळातलं कुणी येऊ शकत नव्हतं, म्हणून मी.

नदीपलीकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची सफरचंदाची बाग आहे. शेतकऱ्याने परवानगी दिली होती. विळा भंगारबाजारातला, सोनेरी रंग दिलेला. पांढऱ्या कपड्यांवर त्यांनी पांढरा रेनकोट चढवला होता. मीही विहारात नेसायची पांढरी साडी नेसून गेले. का, ते विचारू नका. पलंगावरची चादर आम्ही दोन्हीकडून ताणून धरली आणि लक्षात आलं की दीड मीटरचं सरकारी अंतर आपोआप सांभाळलं गेलं आहे. शेतकरी शिडीवर चढला आणि त्याने विळा चालवला, कारण शेजारीणबाईंच्या गुडघ्याला षष्ठीबिष्ठी काही कळत नाही. मी मान वर केली आणि बघते तर भर दुपारी, निळ्या स्वच्छ आभाळात अर्धा व्हायला आलेला चंद्र. मी इतकी वर्षं चंद्राला रात्रीचा समजत होते. शास्त्र शिकलेली बाई मी, तो दिवसाही असतो हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याच्याखाली चादर धरून उभं राहणं वेगळं. विमानं बंद होती, रस्त्यावर गाडी नव्हती, सगळी बाग फुललेली. हिरवा झुबका चादरीत येऊन पडला. माझ्या अंगावर काटा आला आणि तो का आला ते मला आजही सांगता येत नाही.

चादरीच्या दोन टोकांना बसून आम्ही डबे उघडले, तेव्हा मी जरा खवचटपणे विचारलं, की हे सगळं ड्रुइडांनी कुठे लिहून ठेवलंय? "काही लिहून ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "जे आहे ते त्यांच्या शत्रूंनी लिहिलेलं. म्हणून तर मला ते आवडतात. बाकीच्या धर्मांनी फार लिहून ठेवलंय." मग म्हणाल्या, की नाही म्हणायला फ्रान्समध्ये जमिनीत सापडलेलं ब्राँझचं एक मोडकंतोडकं कॅलेंडर आहे. त्यात महिन्याचे दोन भाग केलेले आहेत, आणि चंद्राचं वर्ष सूर्यामागे पडतं म्हणून अडीच-तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घातलेला आहे. माझा घास हातातच राहिला. दोन पक्ष आणि अधिक मास! ज्या गोष्टी आमच्या घरात पाऊल ठेवू शकल्या नव्हत्या, त्या मला इथे, नदीकाठच्या बागेत, सोनेरी विळ्याशेजारी भेटत होत्या. इतक्या दूरदूरची माणसं एकाच आभाळाकडे बघून एकाच निष्कर्षाला आली होती. कुठल्याही पुस्तकाने मला एवढं थक्क केलेलं नाही.

बांडगूळ शुश्रूषागृहाच्या दारात घेतलं गेलं. तिथल्या एका परिचारिकेने ते खिडकीत टांगलं. चंद्र दुपारी दिसायचा त्या दिवसांत ती यजमानांना खिडकीशी आणायची आणि खाली हिरवळीवर शेजारीणबाई हात उंच करून चंद्र दाखवायच्या. दोघांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघावं, एवढीच इच्छा. यजमान दुसऱ्या मजल्यावरून सगळ्यांना हात करायचे, ह्यांना, मला, रस्त्यावरच्या पोस्टमनला, अगदी सारखाच. परतताना त्या सायकल हातात धरून चालायच्या. "मला ओळखलं ना त्याने?" मी म्हणायची, "ओळखलं." मी खोटं बोलते हे दोघींनाही कळायचं.

जूनमध्ये फोन आला. एका रुग्णाला एक माणूस भेटू शकेल. त्यांना मिळालेला दिवस रविवारचा होता, आणि तो रविवार म्हणजे अमावस्या. वर तो त्यांचा वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण. पडद्यावर पूजा ठरलेली. मुरंब्याची बरणीसुद्धा कृष्णपक्षात न उघडणारी ही बाई नवऱ्याला अमावस्येला कशी भेटणार? दिवस बदलून मागितला आणि तेवढ्यात दार पुन्हा बंद झालं तर? मी आदल्या दिवशी मनातल्या मनात भाषण तयार केलं. त्यात बाबांची स्कूटर होती, फ्रिज होता, दुकानदाराचा चहासुद्धा होता. रविवारी सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. भारतात सूर्यग्रहण होतं आणि बाबा ऐन ग्रहणात कांदाभजी खात असल्याचं मला दाखवत होते. हा शुभशकुन समजून मी कुंपणाकडे धावले.

शेजारीणबाई सायकलवर टांग टाकत होत्या. केस कापलेले, नीट विंचरलेले. कृष्णपक्षात कापलेले! पायात नवे कोरे बूट. मी भाषण सुरू केलं, "अहो, ते अमावस्येचं तसं काही…" त्यांनी मला मध्येच तोडलं. "मी ड्रुइड आहे, बुरफ्राउ. मूर्ख नाही." आणि त्या गेल्यासुद्धा. मी त्या रस्त्याकडे बघत राहिले. त्यांच्या नियमांना मी हसत आले होते, पण नियम कधी मोडायचा हे त्यांच्याइतकं मला माझ्या शास्त्रातही कळत नाही. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी जे वाटलं त्याला आदर म्हणणं कमी पडेल.

परत आल्या तेव्हा मी बागेतच होते. त्या आपल्या बागेत खुर्ची टाकून बसल्या. मध्ये लांब टेबल ठेवलं होतं म्हणाल्या, हात धरता आला नाही. मग म्हणाल्या, "तो मला 'यू' म्हणाला." हे आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. डच भाषेत जवळच्याला 'ये' म्हणतात, म्हणजे तू, आणि परक्याला 'यू', म्हणजे तुम्ही, आपण. इथे सगळे सगळ्यांना पहिल्या दिवशीच 'ये' म्हणतात. मीही ह्या बाईंना डचमध्ये 'ये'च म्हणते, मराठीत लिहिताना मात्र हात धजत नाही. आणि ज्या माणसाने जन्मभर संसार केला, त्याने उठून उभं राहून स्वतःचं नाव सांगितलं होतं आणि विचारलं होतं, "आपण ह्याच गावच्या का?" त्यांना ज्याची भीती होती ते झालं होतं. मी रडले. त्या रडल्या नाहीत. "मी माझं नाव सांगितलं," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, सुंदर नाव आहे. निघताना विचारत होता, आपण पुन्हा याल का?"

मग त्या पुन्हा पुन्हा गेल्या. दर आठवड्याला नाव सांगायचं, ह्याच गावची म्हणून सांगायचं, आणि आपल्याच नवऱ्याशी अहोजाहो करत ओळख वाढवायची. यजमान दर वेळी ते नाव विसरत, पण चेहरा कुठेतरी राहत असावा, कारण त्या आल्या की ते टोपी काढायचे. सप्टेंबरात बागेत बसायची परवानगी मिळाली. एक दिवस पाऊस होता म्हणून मी त्यांना गाडीतून सोडलं आणि पाऊस थांबल्यावर लांबच्या बाकावर जाऊन बसले. ते दोघं ओल्या हिरवळीकाठी. यजमान चाकाच्या खुर्चीत, टोपी मांडीवर. बराच वेळ ते काहीतरी बोलायची तयारी करत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि मला ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे म्हणाले, "बाईसाहेब, राग मानू नका. आपण एकमेकांना 'तू' म्हटलं तर चालेल का?"

शेजारीणबाई कानापर्यंत लाल झाल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "चालेल की." तेव्हा यजमानांनी, 'तू' म्हणायचं ठरल्यावर पुरुष माणसाने करायचं असतं तसं, हात पुढे केला. परिचारिका दारातच उभी होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि गुलाबाच्या सुकलेल्या फांद्या निरखायला लागली. शेजारीणबाईंनी तो हात धरला आणि भेटीची वेळ संपेपर्यंत सोडला नाही.

जानेवारीत यजमान गेले. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन शेजारीणबाईंकडे गेले. त्या खिडकीत बसल्या होत्या. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी सवयीने विचारलं, "काल चंद्र कोणता होता?" त्या जरा गोंधळल्या. "बघितलाच नाही गं," म्हणाल्या.

मी पाहिला होता. ती बातमी यायच्या थोडं आधी, पश्चिमेला, समोरच्या छपरावर, बारीक, कोवळी, वाढती कोर. मी तिच्याकडे बराच वेळ बघत उभी होते. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. चहा ओतला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.